पांढरीचा कारभार आणि परवानगीची किंमत



नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बैठकांना आम्ही जातो तेव्हा सोयाबीनचा भाव, तुरीची आयात, पीकविमा, वीज यांवर बोलणे होतेच. पण बैठक उठली की दोघे-चौघे मागे रेंगाळतात आणि वेगळेच प्रश्न विचारतात. "भाऊ, आखाड्यावर दोन खोल्या बांधायच्यात, परवानगी कोणाची लागते?" "वाटणी होऊन चार वर्षं झाली, नमुना आठला माझं नाव लागत नाही." "डाळ भरडायची छोटी गिरणी टाकायची म्हटलं तर आधी बिनशेती करून आणा म्हणतात." "माझा अर्ज पडून आहे आणि रस्त्यावरच्या सात एकरांचं प्लॉटिंग मात्र महिन्यात झालं. हे कसं?"

प्रश्न घरगुती वाटतात, म्हणून व्यासपीठावर येत नाहीत. आम्हाला ते घरगुती वाटत नाहीत. माल आमचा आणि भाव दुसऱ्याचा, हे आपण वर्षानुवर्षे सोसले. आता जमीन आमची आणि परवानगी दुसऱ्याची, हाही तोच रोग आहे. गावात काय कोठे बांधावे हे ठरवण्याचा अधिकार गावाला असावा, याबद्दल आमचे दुमत नाही. तक्रार एवढीच आहे की हा अधिकार झाकून वापरला जातो. आणि झाकून दिलेल्या परवानगीला बाजारभाव येतो. तो भाव शेवटी शेतकरीच मोजतो. आजचे लिहिणे त्या भावाबद्दल आहे.

काळी आणि पांढरी

आपल्या वाडवडिलांनी गावच्या जमिनीला दोन नावे दिली. पिकते ती काळी, वसते ती पांढरी. शेतीशास्त्र शिकलेली माणसे म्हणून आम्ही सांगू शकतो, या दोन शब्दांत पुष्कळ शहाणपण आहे. मांजरा, तेरणा, गोदावरीच्या खोऱ्यांतली खोल काळी जमीन पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मार्च-एप्रिलमध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पिकाला ती चांगली, कारण ओल धरून ठेवते. भिंतीला ती वाईट, कारण पाया दरवर्षी वर-खाली होतो. म्हणून गाव बसवायचे ते मुरमाड, उंचवट्याच्या, पाणी न साचणाऱ्या जागी. घर टिकते आणि चांगली जमीन नांगरापाशी राहते.

ही जुनी मांडणी सोन्याची होती असे मात्र कोणी समजू नये. त्याच पांढरीत दलितांच्या वस्त्या वेशीबाहेर होत्या आणि पाणवठे वेगळे होते. कोणी कोठे राहायचे हे तेव्हाही ज्यांच्या हाती सत्ता होती तेच ठरवत. फरक इतकाच की तेव्हा हुकूम तोंडी होता, आता त्याला शिक्का आहे.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. गावठाणाच्या हद्दी फार जुन्या आहेत आणि लोकसंख्या कित्येक पटींनी वाढली. एका वाड्यात आता चार चुली आहेत. गावठाणात जागा उरली नाही म्हणून माणसे रस्त्याच्या कडेला, आखाड्यावर, जमेल तिथे सरकली. म्हणजे पांढरी काळीत शिरली. तिने कोठून शिरावे हे कोणी बसून ठरवले नाही. ज्याला जसे जमले तसे त्याने केले आणि ज्याचे वजन जास्त त्याचे आधी झाले.

कायदा काय सांगतो

अनेक गावांत असा समज आहे की परवानगी म्हणजे सरपंचाची मर्जी. कायदा तसे म्हणत नाही. जेवढे माहीत असायला हवे तेवढे येथे सांगतो.

पहिली गोष्ट. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ सांगते की गावाच्या हद्दीत बांधकाम करायचे तर पंचायतीची आधी परवानगी हवी. पण त्याच कलमात पंचायतीवरही बंधन आहे. अर्ज मिळाल्यावर ठरलेल्या मुदतीत लेखी उत्तर दिले नाही, तर परवानगी मिळाली असे धरले जाते. नकार दिला तर कारणे कळवावी लागतात आणि त्या नकारावर अपील करता येते.

दुसरी गोष्ट. १९६६ च्या जमीन महसूल संहितेचे कलम ४१ शेतकऱ्याला आपल्या शेतात शेतीसाठीची इमारत बांधण्याचा, विहीर किंवा तळे करण्याचा हक्क देते. शेतीसाठीची इमारत म्हणजे काय, तर अवजारे, खत, चारा, शेतमाल ठेवण्याची जागा, जनावरांचा गोठा, आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाची व सालगड्याची राहण्याची जागासुद्धा. मोठ्या शहरांच्या भोवतालच्या काही पट्ट्यांत त्यावर जास्तीची बंधने आहेत. पण आपल्या खेड्यातल्या आखाड्यावर बांधलेल्या दोन खोल्यांना "आधी बिनशेती करा" म्हणणारा एकतर कायदा वाचलेला नसतो, किंवा वाचूनही तसे म्हणत असतो.

तिसरी गोष्ट. शेतीची जमीन दुसऱ्या कामाला लावायची तर संहितेच्या कलम ४४ प्रमाणे परवानगी घेण्याची पद्धत चालत आली. गेल्या दहा-बारा वर्षांत तिला एकामागून एक सवलती दिल्या गेल्या. कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन, ठरलेला कर आणि शुल्क भरल्यावर, राहण्याच्या वापरासाठी बिनशेती झाली असे मानायचे ठरले. ही तरतूद किती गावांच्या चावडीवर वाचून दाखवली गेली, ते आपापल्या गावात विचारून पाहा.

चौथी गोष्ट. डिसेंबर २०२० मध्ये राज्यासाठी एकत्रित बांधकाम नियमावली आली. २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास खात्याने जाहीर केले की ३२०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला नगररचना खात्याकडे जाण्याची गरज नाही. १६०० चौरस फुटांपर्यंत मालकीचा कागद, नकाशा, परवानाधारक अभियंत्याचा दाखला आणि शुल्क पंचायतीत द्यायचे, वेगळ्या परवान्याची गरज नाही. १६०० ते ३२०० फुटांपर्यंत पंचायतीने १० दिवसांत शुल्क कळवायचे आणि ते भरल्यावर १० दिवसांत बांधकाम सुरू करण्याचे प्रमाणपत्र द्यायचे. त्यापुढच्या बांधकामाला नगररचनाकार लागतो.

कागदावर हे चांगले आहे. शेतकऱ्याच्या बाजूने वाचले की त्यातली ठेच कळते. "मालकीचा कागद" हे दोन शब्द लिहिणाऱ्याने गावठाण पाहिलेले नसावे. आजोबाच्या नावावरचे घर, तोंडी वाटणी, बक्षीस म्हणून मिळालेली जागा, गायरानावरची झोपडी, यांतल्या कोणाकडे तो कागद आहे? नमुना आठचा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे, तो मालकीचा पुरावा नव्हे. एप्रिल २०२० मध्ये स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोनने गावठाण मोजून मिळकत पत्रिका द्यायचे काम त्यातून चालले आहे आणि ते उपयोगाचे आहे. पण मोजणी गावठाणापुरती असते, आणि वाढलेले गाव गावठाणाच्या बाहेर असते.

प्रत्यक्षात निर्णय कसा होतो

आता अर्जाच्या मागे चालत जाऊन पाहू. अर्ज ग्रामसेवकाच्या हातात दिला जातो. २०२४ मध्ये सरकारने या पदाचे नाव ग्रामपंचायत अधिकारी असे केले. पाटी बदलली तरी एकाच माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन गावांचा कारभार असणे काही बदलले नाही. तो अर्ज घेतो आणि खिशात किंवा फायलीत ठेवतो. पोच देत नाही, कारण मागणारा ती मागत नाही. मागितली तर "विश्वास नाही का?" असे ऐकावे लागते.

इथेच सगळा कायदा पाण्यात जातो. पोच नाही म्हणून तारीख नाही. तारीख नाही म्हणून मुदत नाही. मुदत नाही म्हणून परवानगी मिळाली असे धरता येत नाही. लेखी नकारही नाही, म्हणून अपील नाही. कलम ५२ ने शेतकऱ्याच्या हातात दिलेले हत्यार एका चिठोऱ्याच्या अभावी निकामी होते.

पुढे मासिक सभा. विषयपत्रिकेवर घरांचे अर्ज एका ओळीत असतात, "आलेल्या अर्जांवर विचार करणे". खरा विचार तीन गोष्टींचा होतो. अर्जदार कोणत्या पॅनेलचा? घरपट्टी, पाणीपट्टी बाकी आहे का? आणि शेजाऱ्याची तक्रार कोणाच्या सांगण्यावरून आली? पाया कसा आहे, सांडपाणी कोठे जाईल, बैलगाडी वळेल का, हे विचारणारा सदस्य आम्हाला क्वचित भेटला. ठराव सभेत होतो असेही नाही. पुष्कळदा प्रोसिडिंग मागाहून लिहिले जाते आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात.

मोठ्या प्लॉटिंगचा रस्ता वेगळा. त्याचा मुख्य निर्णय वर होतो, तहसील, जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालयात. पंचायतीकडून त्याला लागते ते ना-हरकत पत्र. ते पत्र "ऐनवेळचे विषय" या मथळ्याखाली मंजूर होते. ज्या विषयाने गावाचे पाणी, रस्ता आणि ओढा कायमचा बदलणार, तो विषयपत्रिकेवर नसतो. आणि ज्या दोन खोल्यांनी कोणाचेच काही बिघडणार नाही, त्या चार सभा पुढे ढकलल्या जातात.

ग्रामसभेचा उपाय आहे म्हणावे, तर २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी काय होते ते आपण पाहतो. कोरम भरत नाही, सभा तहकूब होते. तहकूब सभेला कोरम लागत नाही. मग पाच-सात माणसांत साऱ्या गावाच्या नावाने ठराव होतो. पेरणीच्या आणि काढणीच्या दिवसांत माणूस शेतात असतो, हे सभा लावणाऱ्याला पक्के ठाऊक असते.

एकर आणि फूट

आता परवानगीच्या किमतीचा हिशेब करू. समजा, महामार्गालगतचा एक एकर शेतकऱ्याने ४० लाखांना विकला. एकरात ४३,५६० चौरस फूट असतात. रस्ते आणि मोकळी जागा सोडून ६० टक्के जमिनीचे प्लॉट पडले, तर ते सुमारे २६ हजार फूट झाले. फुटाला ५०० रुपये भाव धरला तर रक्कम होते १ कोटी ३० लाखांच्या वर. मुरूम टाकायचा, खांब रोवायचे, नाल्या काढायच्या, यांचा खर्च वजा केला तरी फार मोठा फरक उरतो. हे आकडे उदाहरणाचे आहेत. आपल्या गावचे आकडे घालून ज्याने त्याने हिशेब करावा, फरकाची जात बदलणार नाही.

हा फरक कशाचा आहे? जमीन तीच, रस्ता तोच. शेतकरी एकराने विकतो आणि प्लॉटवाला फुटाने विकतो. मध्ये उभा असतो तो कागद. शेतकऱ्याने स्वतः अर्ज केला तर त्याला तो कागद मिळायला वर्षे लागतात, म्हणून तो एकराने विकून मोकळा होतो. ज्याची वर ऊठबस आहे त्याला तो लवकर मिळतो. एकर आणि फूट यांच्या मधला मोठा वाटा हा परवानगीचा भाव आहे. तो जमिनीच्या मालकाला मिळत नाही आणि ज्या पंचायतीला उद्या तिथे पाणी, दिवे, नाल्या द्यायच्या आहेत तिच्या तिजोरीतही येत नाही.

तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, नांदेड असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग झाल्यापासून दोन्ही जिल्ह्यांत हा धंदा डोळ्यांसमोर आहे. लातूर महानगरपालिका २०११ मध्ये झाली, नांदेड-वाघाळा १९९७ मध्ये. दोन्ही शहरांच्या कडेच्या गावांत आता सातबाऱ्यापेक्षा प्लॉटचा नकाशा जास्त हातांत दिसतो.

आमची भूमिका साफ आहे. शेतकऱ्याने जमीन विकू नये असे आम्ही म्हणणार नाही. जमीन त्याची आहे. तोट्याची शेती करत राहा असा उपदेश करण्याचा अधिकार ना आम्हाला आहे, ना शहरातल्या पर्यावरणवाद्याला. पण विकायचीच असेल तर ती पूर्ण भावाने विकता यावी. त्याला स्वतःला, किंवा चार शेजाऱ्यांना मिळून, सरळ अर्जावर सरळ मुदतीत प्लॉट पाडता आले पाहिजेत. मधला भाव संपवायचा असेल तर परवानगी मिळवणे हे कौशल्य उरता कामा नये.

तुकडेबंदीने हाच धडा दिला आहे. १९४७ च्या कायद्याने लहान तुकड्यांची खरेदी-विक्री रोखली. हेतू चांगला सांगितला गेला. पण गरज कायद्याने थांबत नाही. लोकांनी बाँडवर गुंठे घेतले, घरे बांधली, आणि सातबारा मूळ मालकाच्याच नावावर राहिला. त्या घरावर कर्ज मिळत नाही, घरकुल मिळत नाही, आणि मूळ मालकाची मुले उद्या काय म्हणतील याची धास्ती राहते. २०२३ मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केले गेले. २०२५ मध्ये जुने गुंठ्यांचे व्यवहार नियमित करण्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागला. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ जे पाळले गेले नाही, ते शेवटी मान्य करावे लागले. मधल्या काळात गरिबाने दंड, हेलपाटे आणि भीती सोसली.

किल्लारीचा धडा

कोणी म्हणेल, मग सगळ्याच परवानग्या काढून टाका. तसे म्हणण्याआधी आपण किल्लारी आठवू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. त्या वेळी हा भाग नकाशावर सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात मोडत होता. जाड दगडी भिंती मातीत रचलेल्या, वर माळवदाचे कित्येक टनांचे ओझे. माणसे त्या ओझ्याखाली गेली. घर कसे उभे आहे हा प्रश्न केवळ मालकाचा नाही, हे आपल्याइतके कोणाला कळणार?

पण त्यानंतर जे झाले त्यातही धडा आहे. ५२ गावे उठवून नव्या जागी बसवली. घरे २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची, कोणाकडे किती जमीन यावर ठरवलेली. रुंद रस्ते, सरळ ओळी, जुन्या गावाच्या कित्येक पट पसारा. मजबुती आली यात शंका नाही. पण कडबा कोठे ठेवायचा, बैल कोठे बांधायचे, पेव आणि बळद यांची जागा कोणती, शेतात जायला आता किती चालायचे, याची उत्तरे नकाशात नव्हती. लोकांनी ती नंतर पत्रे ठोकून स्वतः शोधली. नवी घरे उभी करायला त्याच काळ्या जमिनी घेतल्या गेल्या, आणि नवे गाव सांभाळायचा खर्च पुढे पंचायतींच्या गळ्यात पडला.

त्याच कार्यक्रमात दुसरे कामही झाले. कमी पडझड झालेल्या गावांत लाखाच्या वर घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण मालकांनी स्वतः केले. पैसे हप्त्यांनी मालकाच्या खात्यात आले, इंजिनियरने कसे बांधायचे ते दाखवले, निर्णय घरातल्या माणसांनी घेतला. गोठा कोठे, चूल कोठे, हे बाईने सांगितले. तज्ज्ञाने सुरक्षिततेपुरते बोलावे आणि बाकीचे घरच्यांवर सोडावे, ही रीत आपल्याच मातीत करून पाहिलेली आहे.

विचारायचे ते चारच प्रश्न

म्हणून आम्ही म्हणतो, पंचायतीने बांधकामाच्या अर्जावर चार प्रश्न विचारावेत आणि पाचवा विचारू नये.

घर उभे राहील का? काळ्या जमिनीत पाया मुरमापर्यंत गेला आहे का, भिंतीला पट्टे आहेत का? यासाठी पंचायत समितीने दहा-बारा नमुना आराखडे तयार करून फुकट द्यावेत. त्यातला एक निवडला की अभियंत्याच्या दाखल्याचा खर्च वाचेल.

पाणी कोठून येणार? एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ज्या शिवारात उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे शंभर प्लॉटांचा नकाशा मंजूर करताना हा प्रश्न कागदावर हवा.

पाणी कोठे जाणार? प्लॉट पाडताना पहिला बळी ओढ्याचा जातो. ओढा बुजला की वरच्या शेतकऱ्याच्या सोयाबीनमध्ये पाणी तुंबते, मुळ्या सडतात, आणि नुकसानीचा पंचनामा "अतिवृष्टी" म्हणून होतो. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात लेंडी प्रकल्पाच्या परिसरात हसनाळ, रावणगाव या गावांत पाणी शिरले आणि माणसे गेली. तिथले कारण वेगळे, अपुऱ्या पुनर्वसनाचा प्रश्न तिथे जुना आहे. पण पाणी आपली जुनी वाट विसरत नाही, हे त्यातूनही दिसते.

वाट राहते का? बैलगाडी, ट्रॅक्टर, मळणीयंत्र जाईल एवढी वहिवाट बांधकामाने अडते का?

या चारांत अर्जदाराची जात नाही, पॅनेल नाही, जुने भांडण नाही. घरपट्टीची बाकी वेगळ्या मार्गाने वसूल करावी, तिच्यासाठी घर अडवू नये. आणि शेतमालावरच्या पहिल्या प्रक्रियेची शेड शेतीचीच इमारत मानावी. तूर साठवली तर शेती आणि भरडली की कागद अडतो, हा न्याय कोणता? लातूरच्या बाजारात डाळीच्या गिरण्या चालतात त्या आपल्याच तुरीवर. ती शेड शेतकऱ्याच्या बांधावर का उभी राहू नये?

दोन आक्षेप

पहिला आक्षेप असा घेतला जाईल की ग्रामसभेच्या हाती दिले की गावातले दांडगेच ठरवतील. भीती खरी आहे. गायरानावर झोपडी असलेल्या भूमिहीनाचे घर आणि सदस्याच्या भावकीचे अतिक्रमण यांना एकच माप लागत नाही, हे आम्ही पाहतो. कायद्याने सरकारी जागेवर अतिक्रमण करणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. तरी वापर होतो तो विरोधकाला पाडण्यापुरता. पण बंद खोलीत दांडग्याचे बळ वाढते, उघड्यावर कमी होते. कारणे लिहावी लागली आणि ती भिंतीवर लावावी लागली, तर दोन सारख्या अर्जांना दोन उत्तरे देणे अवघड जाते.

उघडेपणा सरपंचालाही राखतो. ९ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या बीड जिल्ह्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. पवनचक्की कंपनीकडे मागितलेल्या खंडणीच्या वादातून ती झाली, असा तपास यंत्रणेचा आरोप आहे. गावात मोठा पैसा येतो तेव्हा सरपंच किती एकटा पडतो, हे त्यावरून ओळखावे. ज्या निर्णयामागे चारशे माणसांची सभा आहे, त्यासाठी एका माणसाला गाठून उपयोग होत नाही.

दुसरा आक्षेप अधिकाऱ्यांचा. ग्रामसभेला नियोजन कळत नाही, म्हणे. किनवट आणि माहूरच्या अनुसूचित गावांत १९९६ च्या पेसा कायद्याने आणि २०१४ च्या राज्याच्या नियमांनी ग्रामसभेला जमीन आणि गौण खनिजाच्या बाबतीत बोलण्याचा हक्क दिला आहे. तिथल्या आदिवासी भावाबहिणींना जे कळते ते लोहा-कंधार, औसा-निलंग्याच्या माणसाला कळणार नाही काय? पाणी कोणत्या बांधावरून वाहते हे ज्याला माहीत आहे, त्याने नकाशा वाचायला शिकणे सोपे. नकाशा वाचणाऱ्याला बांध शिकवणे कठीण.

मागण्या आणि काम

जिल्हा बैठकीपुढे आम्ही हे ठराव ठेवत आहोत.

१. बांधकामाच्या प्रत्येक अर्जाला क्रमांक आणि तारीख असलेली पोच जागेवर मिळावी. अर्जांची नोंदवही पंचायतीच्या भिंतीवर दर महिन्याला लावावी.

२. परवानगी किंवा नकार कारणांसह ठरावात लिहावा आणि अर्जदाराला प्रत द्यावी.

३. प्लॉटिंगचा कोणताही विषय ऐनवेळी घेऊ नये. त्याचा नकाशा आधी चावडीवर लावावा, आधी महिलांच्या सभेत आणि मग ग्रामसभेत वाचून दाखवावा. तहकूब सभेत तो घेऊ नये.

४. कलम ४१ खालचे शेतघर, गोठा, गोदाम आणि शेतमालाच्या पहिल्या प्रक्रियेची शेड यांसाठी परवानगी मागू नये, सूचना पुरेशी मानावी.

५. शेतकऱ्याने स्वतः, किंवा शेजाऱ्यांनी मिळून केलेल्या प्लॉटच्या अर्जाला मुदत बांधून द्यावी. मुदत टळली तर मंजुरी समजावी.

६. वाढलेल्या वस्त्यांची, त्यात गायरानावरच्या भूमिहीनांच्या घरांचीही, मोजणी गावठाणाबरोबरच व्हावी.

ठराव करून आपण घरी जायचे नाही. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गेल्या दोन वर्षांत किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती पडून आहेत, ऐनवेळच्या विषयांत काय काय मंजूर झाले. पंचायत सांगत नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराने मागावे. पाच माणसे मिळून गेली तर एकट्याला दटावणारा ग्रामसेवकही वही उघडतो. त्याच्याशी भांडण काढू नये. तीन गावांचा भार वाहणारा तोही एक पिचलेला माणूस आहे.

आणि ज्याला घर बांधायचे आहे त्याने आजच अर्ज लिहावा, दोन प्रती कराव्यात, आणि दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्का-तारीख घेतल्याशिवाय पंचायतीची पायरी उतरू नये. सही नाकारली तर तोच अर्ज रजिस्टर पोस्टाने पाठवावा आणि पावती जपून ठेवावी. कलम ५२ ची मुदत अर्ज पंचायतीला मिळाल्यापासून मोजायला लागते. पुढच्या बैठकीत आपण अशा किती पावत्या आल्या ते आधी मोजू, मग भाषणे करू.